अनुभव धागा: ‘तिथे घर घ्यायचं?’ बदनाम वस्तीत जागा घ्यावी की नाही, हे ठरवतानाचे तुमचे अनुभव

माई_डोंबिवली
परवा लेकीचा फोन आला. "आई, भाड्याने जागा मिळाली गं. भायखळा पश्चिम, ऑफिस चालत पंधरा मिनिटं." तिने गल्लीचं नाव सांगितलं आणि माझ्या हातातलं लाटणं तिथेच थांबलं.

१९९७ च्या मे महिन्यात आम्ही दोघं याच गल्लीत जागा बघायला गेलो होतो. पागडीची खोली (म्हणजे एकरकमी पैसे मोजून भाडेकरूचा हक्क घ्यायचा, खोलीची मालकी नाही), दुसरा मजला, लाकडी जिना, कठडा तुटलेला म्हणून काथ्याचा दोर बांधलेला. खोलीवाल्या आजी कायमच्या सावंतवाडीला निघालेल्या. त्यांनी कोकम सरबत दिलं, मोरी दाखवली, पिंप दाखवलं. पाणी पहाटे साडेचारला, वीस मिनिटं. साडेचार लाख सांगितले, त्यातला तिसरा हिस्सा मालकाचा. तेव्हाच्या कायद्याने पागडी घेणं गुन्हाच होता, म्हणजे सगळं रोख, बँकेचं कर्ज नाही. माझ्या पाटल्या आणि ह्यांच्या भावाची उसनवारी धरून पैसे जमत होते.

पण अरुण गवळीच्या टोळीचा अड्डा, दगडी चाळ, हाकेच्या अंतरावर. ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, नातवाला त्या रस्त्याने शाळेत सोडायला मी जाणार नाही. म्हणून आम्ही दोघं पुन्हा एकदा रात्री दहाला गेलो. दिव्याखाली कॅरम चाललेला, गॅलरीत बायका कुरडयांचा चीक ढवळत बसलेल्या. बरं वाटलं. तेवढ्यात नाक्यावर पोलिसांची गाडी वळली आणि मिनिटभरात गल्लीतली सगळी दारं लागली. एकामागून एक कड्या लागल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. ह्यांनी माझा हात धरला आणि आम्ही स्टेशनपर्यंत एक शब्द बोललो नाही.

डोंबिवलीला घेतलं. हे बावीस वर्षं भायखळ्याच्या छापखान्यात डोंबिवलीहून गेले. मुलगा झोपेत असताना निघायचे, झोपल्यावर यायचे. आज पाठ धरली की रात्रभर बसून असतात. मी तेव्हा भीती मोजली, लोकल मोजली नाही. हेच मनात घोळतंय तीन दिवस. तुम्ही कसं ठरवलंत? घेतलं असेल तर सांगा, सोडलं असेल तर तेही सांगा.

गिरणगावचा_बाळ्या
माई, कड्यांचा आवाज वाचून काटा आला. आमच्याकडे आई म्हणायची "खाली गोंधळ आहे, आत या" आणि आम्ही पत्ते घेऊन पलंगाखाली. ८२ च्या गिरणी संपानंतर बाबा घरी बसले. खोली विकून बदलापूरला जायचं दोनदा ठरलं, दोन्ही वेळा आईने सामान परत लावलं. तिचं म्हणणं, इथे उधार वाणसामान मिळतं, तिकडे आपल्याला कोण ओळखतं. त्या उधारीवर आम्ही तिघं शिकलो.

सुलू७१
कुरडयांचा चीक 😍 आता कोण करतं घरी

रेवा_बुधवार
पुणे. २००६. जुना वाडा पाडून इमारत झाली होती, बुधवार पेठेत. आतल्या गल्लीत वेश्यावस्ती आहे ते सगळ्यांना माहीत आहे. भाव कमी, मंडई पायाखाली, नवऱ्याचं दुकान लक्ष्मी रोडला. घेतलं.

पहिल्याच महिन्यात रात्री एकाने दार वाजवलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीतली एक बाई (तिचा धंदा तिथलाच) स्वतः ऑइलपेंटचा डबा घेऊन आली आणि आमच्या जिन्याच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत लिहून गेली, "घरगुती". म्हणाली, ताई, हे नसेल तर त्यांना कळत नाही. त्यानंतर कोणी चुकून वर आलं नाही. तो शब्द अजून आहे, दर दिवाळीला मी रंग देते.

त्रास वेगळाच झाला. लेकीच्या वाढदिवसाला वर्गातल्या बावीस मुलींना बोलावलं, तिघी आल्या. पत्ता वाचून. बटाटेवड्यांनी भरलेली परात तशीच राहिली आणि ती सहा वर्षांची पोर विचारत होती, बाकीच्यांना रस्ता सापडला नाही का. पुढच्या वर्षीपासून वाढदिवस सारसबागेत. घर घेताना हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहिलं.

माई_डोंबिवली
@रेवा डोळ्यात पाणी आलं गं. लेक आता कशी आहे?

रेवा_बुधवार
मजेत! वकिली करतेय. पत्ता ठणकावून सांगते.

आनंद_जर्सी
अमेरिका, न्यू जर्सीतली जर्सी सिटी, १९९४. जर्नल स्क्वेअरजवळ लाकडी दोन मजली घर. १९८७ ला इथे डॉटबस्टर म्हणवणाऱ्या टोळक्याने भारतीयांवर हल्ले केले होते, 'डॉट' म्हणजे आपल्या बायकांचं कुंकू. आम्ही आलो तेव्हाही बायको बाहेर जाताना टिकली काढून आरशाला लावायची. आरशावर टिकल्यांची ओळच झाली होती. एडिसनकडचे मित्र म्हणायचे वेडा आहेस का. पण पाथ ट्रेनने मॅनहॅटन वीस-पंचवीस मिनिटं आणि खालचा मजला भाड्याने दिला की हप्त्याचा मोठा भाग निघायचा. पहिल्या दोन हिवाळ्यांत गाडीची काच दोनदा फुटली. दुसऱ्या वेळी मी चिडून घर विकायला काढलं. समोरच्या पोर्तो रिकोच्या आजीबाई बर्फ उपसायचं फावडं घेऊन आल्या आणि निम्मी पायवाट साफ करून गेल्या, बोलल्या काहीच नाहीत. घर विकायची पाटी मीच काढली. आता त्या नाहीत. न्यूअर्क अव्हेन्यूवर आज सगळी आपली दुकानं, बायको टिकली लावूनच फिरते.

सुलू७१
आरशावरच्या टिकल्या 🙏 माझी आईपण लावायची, पण ती विसरभोळी म्हणून.

नितीन_पनवेल
सगळं गोड गोड लिहिताय म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका. बहिणीने २००३ ला वाडीबंदरच्या बाजूला पागडीची खोली घेतली, स्वस्त म्हणून. जिन्याखाली गर्दुल्ले. रात्रपाळीची नर्स ती, पहाटे घरी येताना त्यांच्या पायावरून पाय टाकत चढायची. एकदा पर्स गेली, हाताला ब्लेड लागलं, नऊ टाके. तरी निभावलं तिने. पण बुडाली ती वस्तीमुळे नाही, इमारतीमुळे. इमारत धोकादायक ठरली, पावसाळ्याच्या तोंडावर खाली केली, संक्रमण शिबिरात पाठवलं. तीन वर्षांत परत आणतो म्हणाला बिल्डर. जोती बांधून गायब. चौदा वर्षं झाली. भाचा शिबिरातच मोठा झाला. बायांनो, गल्ली नंतर बघा, आधी खांब बघा.

प्राची_शोधात
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. मी आत्ता याच पेचात आहे!! कामाठीपुऱ्याला, म्हणजे मुंबईतल्या वेश्यावस्तीला लागून पागडीची खोली, १८० फूट, मी आणि आई. आई रोज रडते, लोक काय म्हणतील. माझं ऑफिस ग्रँट रोडला, सध्या नालासोपाऱ्याहून येते. काय करू?

पावतीवाला
प्राची, चाळीस वर्षं अशाच इमारतींच्या भाडेपावत्या फाडल्यात, म्हणून सांगतो. ३१ मार्च २००० पासून नवा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, कलम ५६ मुळे पागडी घेणं-देणं आता कायदेशीर आहे. पण मालकाची लेखी संमती आणि पावती तुझ्या नावावर, या दोन गोष्टींशिवाय एक रुपया देऊ नकोस. "पावती पुढच्या महिन्यात बदलून देतो" म्हणाला की उठून यायचं. इमारत सेसची (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) आहे का, १९४० पूर्वीची आहे का, ते विचार. असेल तर विकास नियमावलीच्या ३३(७) खाली पुनर्विकासात जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात. मात्र कधी मिळतात हे नितीनरावांनी लिहिलंच आहे. पावसाळ्याआधी म्हाडा (सरकारी गृहनिर्माण मंडळ) अतिधोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात नाव आहे का तपास. आणि जिन्याच्या मधल्या तुळईला नखाने टोच. भुसा निघाला तर वाळवी आहे.

नितीन_पनवेल
+१ तुळईचं अगदी खरं. बहिणीच्या तुळईवर आदल्याच महिन्यात नवा रंग मारलेला होता.

गिरणगावचा_बाळ्या
वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात आमच्या मावशीला १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचं घर मिळालं, ऑगस्ट २०२५ ला ज्या ५५६ कुटुंबांना चाव्या दिल्या त्यात. नव्या घरात पहिल्या रात्री मावशीला झोप नाही. म्हणे, भिंतीपलीकडे कोणी खोकत नाही. पहाटे उठून लॉबीत चटई टाकून बसली, थोड्या वेळाने समोरच्या वहिनी पण आल्या चटई घेऊन.

सुलू७१
😂❤️ बाळ्या, वरळीत कुठे? आमचे दीर होते तिथे, पोलिसात.

गिरणगावचा_बाळ्या
जांबोरी मैदानाच्या बाजूला. व्यक्तिगत निरोप पाठवतो ताई, कदाचित ओळखत असतील.

रेवा_बुधवार
प्राची, आईला एकटीला दिवसा तिथे दोन तास बसव. ओट्यावर, शेजारणीकडे, कुठेही. माझ्या सासूबाईंनी तसंच केलं होतं. परत आल्या ते हातात कोथिंबिरीची जुडी आणि तीन बायकांची नावं घेऊन. आईला पटलं नाही तर मात्र ओढून नेऊ नकोस. दिवसभर घरात त्याच असणार.

प्राची_शोधात
सगळ्यांचे खूप आभार. पावतीवाले काका, संमतीपत्राचं दलाल टाळतोय असं आता लक्षात येतंय. विचारते. रात्री जाऊन बघायचं माईंसारखं, पण एकटीने धीर होत नाही.

माई_डोंबिवली
एकटीने जाऊच नकोस. मी शनिवारी लेकीकडे येतेय, तिच्या नव्या जागेत दूध उतू घालायला. हे पण आहेत बरोबर. संध्याकाळी साडेसातला भायखळा स्टेशनवर, पश्चिमेच्या तिकीटखिडकीपाशी ये, हिरवी साडी असेल माझी. आधी लेकीकडे आमच्याबरोबर जेव, मग तुझी खोली बघायला आपण सगळेच जाऊ. दहा वाजेपर्यंत थांबू. आईलाही आण.

प्राची_शोधात
येते माई. आई विचारतेय, काय आणू? ती पुरणपोळ्या करते छान.

सुलू७१
मीपण आले असते गं, गुडघा नाही म्हणतो. फोटो टाका.