युद्धबंदी: थांबलेली लढाई की धरलेला माणूस?

प्रुफवाचक, लातूर

१७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, स्मरणिकेची प्रुफं हातात आहेत. दोन वेगळ्या लेखांत ही दोन वाक्यं आलीत:

"१७ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळी निजामानं युद्धबंदी जाहीर केली."

"१९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३ हजार युद्धबंदी भारताच्या ताब्यात होते."

एकाच अंकात एकच शब्द दोन अर्थांनी ठेवावा का? शिवाय तिसऱ्या लेखात 'शस्त्रसंधी' आहे, चौथ्यात 'युद्धविराम', पाचव्यात 'तह'. सगळं एकच असेल तर एकच शब्द करून टाकतो. नसेल तर फरक सांगा. पानं परवा छपाईला जायची आहेत.

मराठीच्या बाई, परभणी

एकच करू नका, भाऊ. शब्द दिसायला एक, पण आहेत दोन.

पहिल्या वाक्यातली 'बंदी' फारसीकडून आलेली, बंद करण्याची. दारूबंदी, जमावबंदी, टाळेबंदी या ओळीत ती बसते. (तीच फारसी 'बंदी' बांधण्याच्याही अर्थानं येते: तटबंदी, मोर्चेबंदी. तो वेगळा विषय.) दुसऱ्या वाक्यातला 'बंदी' संस्कृतातला, बंदिवान आणि बंदिशाळा यांच्या घरातला. तुरुंगाच्या कागदांत आजही 'न्यायाधीन बंदी', 'सिद्धदोष बंदी' असंच लिहितात.

ती युद्धबंदी स्त्रीलिंगी, तो युद्धबंदी पुल्लिंगी. क्रियापद सोबत असलं की निभावतं: 'युद्धबंदी झाली', 'युद्धबंदी सुटला'. खरा घोळ सामान्यरूपात होतो. 'युद्धबंदीचा प्रश्न' म्हणजे लढाई थांबवण्याचा प्रश्न की एका कैद्याचा? नियमानं माणसाचं 'युद्धबंद्याचा' व्हायला पाहिजे, पण लिहिणारे दोन्हीकडे 'युद्धबंदीचा'च लिहितात. अनेकवचनात पुन्हा वाट फुटते, कारण 'युद्धबंद्यांचा प्रश्न' म्हटलं की माणसंच. पण हल्ली 'युद्धबंदींची सुटका' असं सर्रास लिहायलेत, ते चूक आहे. कैदी-कैद्यांची, तसं बंदी-बंद्यांची. आणि मथळ्यात क्रियापदाला जागाच नसते. 'युद्धबंदीवर आज चर्चा' वाचून कोणाला काय कळणार?

माणसासाठी 'युद्धकैदी' लिहा. एका अक्षरानंही जागा वाढत नाही.

शिकस्ता, बीड

बाईंचं बरोबर. फक्त हा घोळ शिरतो कुठून, ते सांगतो.

हिंदीत 'युद्धबंदी' म्हणजे कैदीच. लढाई थांबण्याला ते 'युद्धविराम' किंवा 'संघर्षविराम' म्हणतात. हिंदी बातमी मराठीत आणताना शब्द तसाच उचलला की आपल्या 'युद्धबंदी'वर दुसरा अर्थ चढतो. उर्दूत हा त्रास नाही: लढाई थांबली तर 'जंगबंदी', माणूस धरला तर 'जंगी कैदी'. आपल्या भागात निजामाच्या काळी वरचं शिक्षण उर्दूतून होतं, उस्मानिया विद्यापीठही १९१८ पासून उर्दू माध्यमाचं. जंगबंदी आणि युद्धबंदी शेजारी ठेवून पाहा, घडण एकच आहे. तेव्हा निजामाच्या वाक्यात 'युद्धबंदी' चपखल बसते, ती हलवू नका. बदल करायचा तो १९७१ च्या वाक्यात.

सिग्नलवाला, नळदुर्ग

आता उरलेले तीन शब्द. वर्तमानपत्रात सगळे एकमेकांच्या जागी चालतात. लष्करी आणि कायद्याच्या अंगानं पाहिलं तर ती उतरंड आहे, एक शब्द नाही.

सगळ्यात खाली नुसता गोळीबार थांबवणं. तोंडी ठरतं, हॉटलाइनवर ठरतं, कधी दोन चौक्यांपुरतंच असतं, जखमी आणि प्रेतं उचलण्यासाठी. त्यावर युद्धबंदी किंवा युद्धविराम, म्हणजे ठरलेल्या वेळेपासून सगळ्या आघाडीवर मारा बंद. त्यावर शस्त्रसंधी: लेखी, अटींसह. रेषा कुठली, फौजा किती मागे घ्यायच्या, तोफा कुठे ठेवायच्या, कैदी कधी सोडायचे, देखरेख कोणाची. तह सगळ्यात वर. युद्ध कायद्यानं संपतं ते तहानं.

'शस्त्रसंधी' हा शब्द मी या वरच्या पायरीला राखून ठेवीन. कोरियात २७ जुलै १९५३ ला सकाळी १० वाजता सह्या झाल्या आणि मारा बंद झाला रात्री १० वाजता. मधे ४ किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा, दोन्ही बाजूंनी २-२. तह आजवर झालेला नाही. तिथे 'कोरियाचा तह' लिहिलं तर ते चुकीचंच. पहिल्या महायुद्धात दोन्ही झालं: शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८, व्हर्सायचा तह २८ जून १९१९. मधले सात महिने जर्मनीची सागरी नाकेबंदी चालूच होती. थांबलं आणि संपलं यांत एवढं अंतर पडतं.

जुन्या मराठीत यासाठी नेमका शब्द होता: तहकूब. लढाई तहकूब झाली, म्हणजे उद्या पुन्हा उभी राहू शकते. सभा तहकूब होते तशी. युद्धाचे नियम सांगणाऱ्या १९०७ च्या हेग नियमावलीचं कलम ३६ हेच सांगतं. मुदत ठरलेली नसेल तर कोणतीही बाजू लढाई पुन्हा सुरू करू शकते, अट एवढीच की ठरल्याप्रमाणे समोरच्याला आधी कळवायचं. 'विराम'मध्येही हा अर्थ आहे म्हणा. 'बंदी'त मात्र कायमचं बंद झाल्याचा भास होतो आणि वाचक तिथेच फसतो.

गोदाकाठ, नांदेड

सिग्नलवाले, मग 'उल्लंघन' आणि 'भंग' यांतही फरक करायला पाहिजे ना? रोज वाचतो 'शस्त्रसंधीचा भंग', आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रसंधी कायमच.

सिग्नलवाला, नळदुर्ग

हाव, पाहिजेच. उल्लंघन म्हणजे अट मोडली. भंग म्हणजे करारच मोडला. त्याच नियमावलीत कलम ४० आणि ४१ ही दोन टोकं आहेत. एका बाजूनं गंभीर उल्लंघन केलं तर दुसरीला करार सोडून देता येतो, फार निकड असेल तर लगेच लढताही येतं. पण कोणा एकट्यादुकट्यानं आपल्या मनानं गोळी झाडली, तर फक्त त्याला शिक्षा आणि झाल्या नुकसानीची भरपाई मागता येते. एका चौकीवरच्या गोळीला 'भंग' म्हणणं म्हणजे बातमीदारानंच करार मोडणं.

उल्लंघनं सुरुवातीच्या तासांत जास्त का होतात, हेही लेखात यायला पाहिजे. 'युद्धबंदी झाली' या दोन शब्दांत ते दबून जातं. हुकूम मुख्यालयातून कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड, बटालियन, कंपनी असा उतरत शेवटच्या चौकीला जातो. एक दुवा तुटला, एक गस्त बाहेर राहिली की खाली लढाई चालूच. घड्याळाची भानगड वेगळी: आपले ५ वाजतात तेव्हा पाकिस्तानात साडेचार. म्हणून संदेशात कोणाची वेळ ते लिहावंच लागतं. आणि वेळ लांबची दिली की मधल्या तासांत शेवटची टेकडी बळकावायची घाई सुटते. १९१८ मध्ये सह्या पहाटे ५ नंतर झाल्या आणि अंमल ११ वाजता. अमेरिकी सैनिक हेन्री गुंथर पडला तो १० वाजून ५९ मिनिटांनी.

वेळ जवळची दिली तर उलटा त्रास. १० मे २०२५ ला पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा फोन आला दुपारी ३:३५ ला, आणि मारा थांबवायचा होता संध्याकाळी ५ ला. मधे ८५ मिनिटं. त्या रात्रीच उल्लंघनाचं निवेदन करावं लागलं. त्या दिवशी आपल्या परराष्ट्र सचिवांनी वापरलेले शब्दही पाहा: जमिनीवर, हवेत आणि समुद्रात 'सर्व गोळीबार व लष्करी कारवाई थांबवणे'. 'युद्धबंदी' नाही, 'शस्त्रसंधी' तर नाहीच. युद्ध म्हटलं नव्हतं, मग युद्धबंदी कशी म्हणणार? आपल्या मथळ्यांत मात्र 'शस्त्रसंधी'च झळकली.

गोदाकाठ, नांदेड

हाच धागा आपल्याकडे येतो. स्मरणिकेत १९४८ च्या हैदराबादवरच्या कारवाईला 'पोलीस ॲक्शन' म्हटलं असेल तर ते खोडून 'युद्ध' करू नका आणि नुसतं 'पोलीस कारवाई' असं मराठीही करू नका. ते विशेषनाम आहे. जुनी माणसं वय सांगतात ते 'पोलीस ॲक्शनच्या साली' असं. 'पोलीस कारवाई' म्हटलं की आजच्या पोराला मटक्याच्या अड्ड्यावरची धाड आठवते.

पण अवतरणात ठेवा, आणि का ते एका ओळीत सांगा. कारवाई पोलिसांची नव्हतीच. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून रणगाडे घेऊन मेजर जनरल जे. एन. चौधरींची भारतीय फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात आली, आणि पहिली झटापट सिग्नलवाल्यांच्या नळदुर्गला झाली, बोरी नदीचा पूल हातात ठेवण्यासाठी. पूल उडाला असता तर गाड्या तिथेच अडकल्या असत्या. लष्करी नाव होतं ऑपरेशन पोलो. 'पोलीस' हा शब्द बाहेरच्या जगासाठी. निजामानं ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. 'युद्ध' म्हटलं असतं तर समोर दुसरं राष्ट्र आहे असं मान्य केल्यासारखं झालं असतं. ही युक्ती आपलीच नव्हे. डचांनी इंडोनेशियात १९४७ आणि १९४८ मध्ये केलेल्या लष्करी चढायांना पोलिसी कारवाईच म्हटलं, आणि १९५० मध्ये ट्रूमन यांनी कोरियातल्या लढाईलाही तेच नाव चालवून घेतलं.

तारखाही एक करू नका. १७ ला युद्धबंदी, निजामाच्या हुकमानं. १८ ला शरणागती, निजामाचे सेनापती जनरल अल इद्रूस यांनी चौधरींपुढे. 'निजाम १७ ला शरण आला' हे बोलायला सोपं, पण दोन दिवसांचं काम एका दिवसात कोंबलेलं.

आणि १७ तारखेला सगळं थांबलं असंही लिहू नका. नेहरूंनी नेमलेल्या सुंदरलाल समितीनं कारवाईच्या वेळच्या आणि नंतरच्या हिंसाचारात २७ ते ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज दिला. जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. फौजांमधला गोळीबार थांबला होता, म्हणून 'युद्धबंदी' हा शब्द खोटा नाही. पण त्याच्या पुढे 'शांतता' जोडलीत तर ती खोटी.

शिकस्ता, बीड

'रझाकार' आणि 'रझाकारी'चंही पाहून घ्या. रझाकार म्हणजे मुळात स्वयंसेवक, अरबीतल्या 'रझा'वरून, मर्जीनं काम करणारा. इकडे अर्थ पार उलटला. 'ही काय रझाकारी लावली' म्हणजे दांडगाई. निजामाच्या बाजूनं लढलेल्या संघटनेबद्दल असेल तर 'रझाकार', वागण्याबद्दल असेल तर 'रझाकारी'. एका लेखात दोन्ही मिसळू नयेत.

मराठीच्या बाई, परभणी

रेषांची नावं कोणी घेतली नाहीत. १९७१ च्या लेखात ती येणारच.

'युद्धबंदी रेषा' ही २७ जुलै १९४९ च्या कराची कराराची. दोन्ही फौजांनी तिच्यापासून किमान ५०० यार्ड लांब राहायचं होतं. 'नियंत्रण रेषा' किंवा 'ताबारेषा' ही १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धबंदीतून आलेली, २ जुलै १९७२ च्या सिमला करारानं मान्य झालेली. ही नकाशावर आखलेली आहे. 'प्रत्यक्ष ताबारेषा' चीनकडची, आणि ती दोघांनी मिळून नकाशावर आखलेलीच नाही. 'प्रत्यक्ष' हा शब्द पाकिस्तानच्या बातमीत दिसला की खोडा. १९६५ च्या लेखात 'ताबारेषा' दिसली तरी खोडा, तेव्हा ती नव्हतीच.

प्रुफवाचक, लातूर

सगळ्यांचे आभार. १९७१ चं वाक्य असं केलं: "१६ डिसेंबर १९७१ च्या शरणागतीनंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी भारताच्या ताब्यात होते." ठीक?

सिग्नलवाला, नळदुर्ग

जवळपास. त्या ९३ हजारांत सगळे गणवेशातले नव्हते, नागरिकही होते. 'सैनिक व नागरिक मिळून' एवढं घाला. पुढच्या परिच्छेदात सुटकेचं असेल तर २८ ऑगस्ट १९७३ चा दिल्ली करार येऊ द्या. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम ११८ म्हणतं की प्रत्यक्ष लढाई थांबताच विलंब न लावता कैदी सोडावेत. इथे दीड वर्षाहून जास्त लागलं. शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त कमांडपुढे झाली होती, म्हणून बांगलादेशला वगळून सोडता येत नाही, ही आपली भूमिका. युद्धबंदी आणि युद्धबंद्यांची सुटका हे दोन वेगळे प्रश्न कसे होतात, ते तुमच्या वाचकाला याच वाक्यात दिसेल.

प्रुफवाचक, लातूर

घातलं. शेवटचं एक: मुखपृष्ठाच्या अरुंद रकान्यात 'युद्धबंदी जाहीर' बसतं, 'शस्त्रसंधी' लिहिलं तर ओळ तुटते.

मराठीच्या बाई, परभणी

१७ सप्टेंबरसाठी 'युद्धबंदी'च बरोबर आहे, रकान्यासाठी नव्हे. ठेवा.