मदत हवी आहे: दुखणं फुप्फुसाचं, सूज पायावर, दोष हृदयात?

नमस्कार मंडळी,
आई ६८ वर्षांची. तंबाखू-बिडी कधी नाही, पण ४० वर्षं फुंकणी घेऊन चुलीपुढे बसली. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे हे सहा वर्षांपूर्वी कळलं. घरात आम्ही दमाच म्हणतो. दिवाळीपासून पाय सुजतात. संध्याकाळी जोडवी रुततात, नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. आम्हाला किडनीची शंका, पण क्रिएटिनिन नॉर्मल. टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची डावी बाजू चांगली, पंपिंग ६० टक्के. उजवा कप्पा मात्र मोठा झालाय आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत प्रेशर वाढलंय.

डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. त्या चिंचोळ्या वाटेतून वर्षानुवर्षं रक्त ढकलून हृदयाची उजवी बाजू थकली. बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन ८६-८७ टक्के. लघवी वाढवणारी गोळी दिलीय आणि घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीने देणारं मशीन), मिनिटाला दीड लिटरवर, रोज किमान १५ तास.

अडचण अशी की गावात वीज कधी चार-चार तास जाते. ३५० वॅटचं मशीन इन्व्हर्टरवर चालतं का? शिवाय आई स्वतःच काटा तीनवर नेते. जास्त घेतला तर लवकर बरं वाटेल म्हणे. चालेल का?

प्रतिसाद १:
चालतं, आमच्या बाबांचं दोन वर्षं चाललं. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच (घरच्या विजेसारखाच प्रवाह देणारा) घ्या. १५० एएचच्या एका बॅटरीवर जेमतेम तीन तास निघतात, म्हणून दोन घ्या आणि एक भरलेला सिलिंडर जवळ ठेवा. काटा मात्र अजिबात वाढवू देऊ नका! सीओपीडीत जादा ऑक्सिजनने अंगात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. सकाळी डोकं दुखणं, गुंगी येणं ही त्याची खूण. बाबांचा ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या मध्ये ठेवायला सांगितलं होतं. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि नळी नाकात असताना चूल, गॅस, निरांजन यांच्या जवळपासही नको.

धागाकर्ता:
निरांजन! कालच नळी लावून फुलवात पेटवत होती. सकाळी डोकं जड असतं असंही म्हणते, आम्ही झोप होत नसेल म्हणून सोडून दिलं. आत्ताच डॉक्टरांना फोन करतो. बॅटरीची पणती आणू का म्हटलं, तर म्हणाली, "मला काय विचारतोस, देवाला विचार."