मदत हवी आहे: जुन्या थाटाची वेबसाइट मोबाइलवर वाचता येईल अशी कशी करू?

नमस्कार मंडळी,

काडेपेट्यांच्या छापांचा संग्रह आहे माझा, त्याची वेबसाइट निओसिटीजवर (फुकट वेबसाइट ठेवायची जागा) बनवलीय, मुद्दाम जिओसिटीजच्या काळातल्या (नव्वदच्या दशकातल्या घरगुती वेबसाइटींच्या) थाटात. म्हणजे मागे चांदण्या, डावीकडे मेन्यू, वर सरकती पट्टी, तळाला ती ८८ बाय ३१ ची चिमुकली बटणं, आणि सगळं ७८० पिक्सेलच्या टेबलात कोंबलेलं. लॅपटॉपवर झक्कास दिसते, पण बघणारे सगळे नातेवाईक, ते व्हॉट्सॅपवरून फोनवरच उघडणार. मावशी म्हणे स्क्रीनवर मुंग्या चालल्यात नुसत्या.

कारण कळलंय. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीचं धर असं ब्राउझरला सांगणारी ओळ) नसला की फोनचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून दाखवतो, मग ३६० च्या स्क्रीनवर १३ चा फॉन्ट जेमतेम ५ चा उरतो. टॅग टाकला तर अक्षरं मोठी झाली पण टेबल उजवीकडे बाहेर पळालं, एकेक ओळ वाचायला बोटाने सरकवत बसा. रुंदी १०० टक्के करून पाहिली तर मेन्यूच १५० खातो.

वर त्या पट्टीची वेगळीच गंमत, उंची १६ दिलीय, त्यात इंग्रजी बरोबर बसतं पण मराठीची वेलांटी वरून आणि उकार खालून छाटला जातो, 'दुनिया'चं 'दानया' झालंय!

रिस्पॉन्सिव्ह टेम्प्लेट (स्क्रीनप्रमाणे आपोआप जुळणारा तयार साचा) घे असं प्लीज सांगू नका, मग मजाच काय राहिली. नुसतं एचटीएमएल-सीएसएस येतं मला.

जुनंखोड: टेबल राहू दे तसंच. मीडिया क्वेरी (ठरावीक रुंदीच्या स्क्रीनपुरतेच लागू होणारे सीएसएस नियम) लिही, ६०० पिक्सेलच्या खाली टेबल, टीबॉडी, टीआर, टीडी (टेबल, त्याच्या ओळी आणि खाने) सगळ्यांना डिस्प्ले ब्लॉक आणि विड्थ ऑटो, की खाने एकाखाली एक येतात. टॅगमध्ये लिहिलेल्या विड्थवर सीएसएस मात करतं त्यामुळे जुन्या कोडला हात लावायला नको. पट्टीची उंची काढूनच टाक, लाइन-हाइट १.६ ठेव, देवनागरीला तेवढी हवा लागतेच. बटणं मोठी करायची तर बरोब्बर दुप्पट कर आणि इमेज-रेंडरिंग पिक्सेलेटेड दे, नाहीतर धुरकट दिसतात.

मोरपंखी: चांदण्यांवर पांढरी अक्षरं उन्हात दिसत नाहीत हो फोनवर. मजकुराच्या खान्याला सपाट गडद निळा द्या, चांदण्या कडेने दिसू देत.

धागाकर्ता: @जुनंखोड जमलं की राव! मेन्यू वर, मजकूर खाली, पट्टी पण नीट. फक्त छापांचे फोटो ४०० रुंद आहेत ते अजून बाहेर डोकावतायत.

जुनंखोड: इमेजला मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. आणि लिंक टाक ना, छाप बघायचेत.