'ट्रान्सफर'ला मराठीत काय म्हणायचं? 'बदली' तर आधीच वापरात आहे! (टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

खिडकीपाशी :

१ सप्टेंबर २०२५. गौरीपूजनाचा दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि मी कोपऱ्यात फोन घेऊन बसलेलो. इंग्लंडमध्ये क्लबांनी फुटबॉलपटू घ्यायची-द्यायची मुदत तिकडच्या संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्या रात्री साडेअकराला संपणार होती. लिव्हरपूलनं न्यूकॅसलकडून अलेक्झांडर इसाकला साडेबारा कोटी पौंडांना घेतलं, हे पक्कं झाल्यावर माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "झाली एकदाची ट्रान्सफर!"

ताटं आवरणाऱ्या आत्यानं विचारलं, "कुणाची रे? लांब टाकलंय का?" जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेलाय तिचा. फुटबॉलवाल्याची आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न : "विनंती बदली का प्रशासकीय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री झोपताना तोच प्रश्न डोक्यात. इसाक महिनाभर सरावाला फिरकत नव्हता, ऑगस्टमध्ये त्यानं स्वतःच इन्स्टाग्रामवर नाराजी जाहीर केली होती. म्हणजे शंभर टक्के विनंती बदली! इंग्रजीत दोन्हीला 'ट्रान्सफर'च म्हणतात. आत्यानं एका प्रश्नात फरक काढला.

तरीही 'बदली' लिहिता येत नाही, हीच अडचण. आपल्या क्रीडापानांवर 'बदली खेळाडू' म्हणजे सत्तराव्या मिनिटाला बाकावरून उठून मैदानात येणारा. 'इसाकची बदली' असं लिहिलं तर त्याला बाहेर काढला असंच वाटणार. 'हस्तांतरण' फ्लॅटचं होतं, माणसाचं नाही. 'संघबदल' ठीक आहे, पण त्यात खेळाडूनं काय केलं तेवढंच येतं, क्लबनं त्याला विकलं असेल तर तो शब्द खोटं बोलतो. बंगालीत 'दलबदल' छान रुळलाय. खेळाडूलाही तोच, पुढाऱ्यालाही तोच. आपल्याकडे 'पक्षांतर' फक्त पुढाऱ्यांच्या वाट्याला आलं.

'लोन' (खेळाडू ठरावीक काळ दुसऱ्या क्लबला देणं), 'रिलीज क्लॉज' (ठरलेली रक्कम आली की सोडायचं कलम), 'बाय-बॅक' (विकलेला परत घ्यायचा हक्क) आणि मुळात 'ऑफ सीझन' (दोन मोसमांमधला काळ) या शब्दांनाही काही सुचतंय का? पारिभाषिक कोशातले नकोत. बोलताना तोंडात बसतील असे हवेत.

डेस्कवरची :

मी क्रीडापान लावते, त्यामुळे हा रोजचाच वैताग. दोन कॉलमांच्या मथळ्यात 'ट्रान्सफर' मावतो, 'खेळाडू हस्तांतरण' मावत नाही, विषय संपला. 'ट्रान्सफर विंडो'ची, म्हणजे त्या घ्यायच्या-द्यायच्या मुदतीची, मात्र मी 'खिडकी' करते आणि वरिष्ठ दर वेळी नाक मुरडतात. म्हणे शब्दशः भाषांतर आहे. अहो, मराठी माणसाची खिडकी म्हणजे काय फक्त हवा यायची? तिकीट खिडकी, एक खिडकी योजना, वीजबिलाची खिडकी. रांगेत आपला नंबर आला की आतला माणूस फळी लावतो, ती खिडकी. ३१ ऑगस्ट २०१५ ला दाविद दे हेआ मँचेस्टर युनायटेडमधून रेआल माद्रिदला निघाला होता, कागद स्पेनमध्ये मुदतीनंतर पोचले आणि गडी राहिला जागेवर. नंतर दोन्ही क्लब म्हणे चूक समोरच्याची. याला 'खिडकी बंद झाली' याहून नेमकं काय लिहिणार?

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. नाम शोधताय कशाला? मराठीत सगळं क्रियापदात असतं. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड लिव्हरपूलमधून माद्रिदला 'गेला', 'सोडून गेला', 'सोडला', 'हातचा घालवला', 'फुकट गेला', यातलं तुम्ही कुठलं म्हणता त्यावरून तुम्ही कुणावर चिडलाय ते कळतं. करार ३० जून २०२५ ला संपत होता, त्यामुळे क्लबला जवळपास काहीच मिळालं नाही. महिनाभर आधी सोडण्याचे म्हणून माद्रिदनं साधारण एक कोटी युरो टेकवले तेवढेच. मेमध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर लोकांनी त्याची हुर्यो उडवली, ती 'सोडून गेला'वाल्यांची. मी 'हातचा घालवला'वाली. सहाव्या वर्षी आलेल्या मुलाचा करार शेवटच्या वर्षापर्यंत ओढत नेला कुणी?

निवृत्त लेखनिक :

'लोन'साठी 'उसना' घेऊ नका. उसनी साखर परत करताना वाटी तीच असते, साखर दुसरी. खेळाडू तोच परत यायला हवा ना?

आमच्या सेवेत याला तयार शब्द आहे : प्रतिनियुक्ती. माणूस मूळ खात्याचा, काम दुसऱ्या खात्यात, मुदत ठरलेली, पगार कुणी द्यायचा ते आदेशात लिहिलेलं, आणि मूळ खात्यातल्या पदावर त्याचा धारणाधिकार, म्हणजे परत यायचा हक्क, कायम. लोनवरच्या खेळाडूचं याहून वेगळं काही असेल तर सांगा.

खिडकीपाशी :

काका, दंडवत! 'धारणाधिकार' तर मी आजन्म वापरणार. पण तुमच्या नियमात न बसणारं एक प्रकरण सांगतो. २०२४ मध्ये भारतीय फुटबॉलपटू अन्वर अली. मूळचा दिल्ली एफसीचा, मोहन बागानकडे लोनवर, आणि ते लोन होतं चार वर्षांचं! मध्येच करार मोडून तो गेला थेट बागानच्या कट्टर वैऱ्याकडे, ईस्ट बंगालला. कोलकात्यात यापरता मोठा गुन्हा नाही. भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या समितीनं त्याला चार महिने खेळायला बंदी घातली आणि दिल्ली एफसी आणि ईस्ट बंगाल या दोन क्लबांसकट त्याच्यावर १२ कोटी ९० लाखांची भरपाई लावली; प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. चार वर्षांची प्रतिनियुक्ती म्हणजे धारणाधिकार नेमका कुणाचा?

निवृत्त लेखनिक :

मुदतवाढ घेत घेत चार वर्षं काढलेले आमच्याकडेही पाहिले आहेत. पण पहिल्याच आदेशात चार वर्षं, आणि परत येण्याऐवजी तिसऱ्याच खात्यात रुजू? अशा फाइलवर मी सही केली नसती.

सातबारा :

तुम्ही सगळे नोकरीच्या भाषेत अडकलाय. हा व्यवहार जमिनीचा आहे, शब्द दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या दस्तलेखकाला विचारा.

लिव्हरपूलनं जॅरेल क्वान्साला जर्मनीतल्या लेव्हरकुझेनला विकला, पण पुढे ठरल्या रकमेत परत घ्यायचा हक्क राखून. हा 'बाय-बॅक' आमच्या आजोबांना तोंडपाठ होता : मुदत खरेदी. अडीनडीला सावकाराला जमीन लिहून द्यायची ती खरेदी म्हणूनच, पण मुदतीत पैसे परत केले की जमीन परत.

लिव्हरपूलच्याच हार्वी एलियटचं त्याहून मजेशीर. १ सप्टेंबरच्याच रात्री अ‍ॅस्टन व्हिलाला गेला तो लोनवर, पण ठरावीक सामने खेळला की व्हिलानं त्याला विकत घ्यायलाच हवं, अशी अट. बातम्यांत आकडा १० सामन्यांचा. हे सरळसरळ साठेखत. इसार दिला, ताबा दिला, खरेदीखत बाकी. आणि साठेखतात जे होतं तेच झालं : घेणाऱ्याचं मन फिरलं की तो अट पुरी होऊच देत नाही. त्या हंगामात पोरगा बाकावर.

मार्क गेहीचं तर साठेखतही झालं नाही. लिव्हरपूलची त्याच्या क्लबशी, क्रिस्टल पॅलेसशी, रक्कम ठरली, त्याची वैद्यकीय तपासणी झाली, आणि शेवटच्या तासांत पॅलेसनं हात वर केले, कारण त्यांना त्याच्या जागी दुसरा मिळेना.

डेस्कवरची :

याला जमिनीतला नाही, लग्नातला शब्द लागतो. सुपारी फुटली, अक्षता पडल्या नाहीत.

शाहूपुरीकर :

भावांनो, तुम्ही लई लांबनं चाललाय. कोल्हापुरात फुटबॉलला शंभर वर्षं होऊन गेली, शब्द आम्हाला विचारा की.

आमचे संघ तालमींचे. पोरगं खंडोबा तालमीतनं पाटाकडील तालमीला 'गेलं'. बास. ट्रान्सफर न्हाई, बदली न्हाई. दुसऱ्या तालमीनं चांगला गडी ओढला तर 'फोडला'. पोरगं स्वतःहून गेलं तर 'फुटलं'. एवढाच फरक, आणि पेठेत त्याच्याकडं बघायची नजर सगळी बदलती. के.एस.ए.कडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नोंदणी व्हायच्या आधीचे दिवस म्हणजे चहाच्या गाड्यावर नुसता हाच विषय : कोण फुटलं, कुणी फोडलं. बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले गडी येतात त्यांना मात्र 'आणला' म्हणायचं. त्यो फुटू शकत न्हाई, कारण त्यो पेठेचा कधी नव्हताच.

आणि 'ऑफ सीझन'? साखर कारखान्यात जावा. गळीत हंगाम संपला की बिगर हंगाम. यंत्रं उघडून दुरुस्ती चालू आणि हंगामी कामगार घरी. पुढच्या हंगामाला त्यांनी परत यावं म्हणून बिगर हंगामात थोडा भत्ता मिळतो, त्याला सगळे 'रिटेन्शन'च म्हणतात. आयपीएलवाल्यांनी 'रिटेन' केला म्हटल्यावर आमच्या चुलत्याला पहिल्यांदा वाटलं, कोहली अर्ध्या पगारावर घरी बसलाय.

खिडकीपाशी :

'फुटलं' आणि 'फोडला'! आत्याच्या विनंती आणि प्रशासकीयला हे जोडीला बसतात. 'बिगर हंगाम' मी आजपासून वापरतोय.

आता राहिला 'रिलीज क्लॉज'. 'मुक्तता कलम' लिहिणाऱ्यांनी लुइस सुआरेझ आठवावा. २०१३ मध्ये आर्सेनलनं त्याच्यासाठी लिव्हरपूलला देऊ केले ४,००,००,००१ पौंड. वरचा एक पौंड कशाला? करारात चार कोटींच्या वर काही आलं तर अमुक होईल, असं कलम होतं. पण होईल म्हणजे काय? आर्सेनल म्हणे सोडावंच लागेल, लिव्हरपूलनं ऐकलंच नाही. मालक जॉन हेन्रीनं ट्विटरवर आर्सेनलची टर उडवली, गडी एक वर्ष थांबला आणि मग बार्सिलोनाला गेला. याउलट २०१७ मध्ये नेमारचे २२ कोटी २० लाख युरो मोजून पॅरिसनं बार्सिलोनाच्या पुढ्यात ठेवले; स्पेनमध्ये ती रक्कम भरली की नाही म्हणायची सोयच नाही. एकच शब्द, एका देशात दार उघडतो, दुसऱ्यात नुसती कडी वाजवतो. म्हणून मला 'सोडवणूक' आवडतो. गहाण ठेवलेलं सोडवून आणतात तसा. पूर्ण पैसे दिले तर सावकाराला सोडावंच लागतं, निदान कागदावर.

डेस्कवरची :

'सोडवणुकीची रक्कम' मथळ्यात मावत नाही.

सातबारा :

मावेल. 'सोड' म्हणा. गहाणाची सोड. आमच्याकडे म्हणतात.

निवृत्त लेखनिक :

म्हणतात खरं, पण खेळाडू म्हणजे काही दागिना नव्हे. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं बॉसमन या फुटबॉलपटूच्या खटल्यात तेच सांगितलं की : करार संपला की माणूस मोकळा, जुन्या क्लबला एक छदाम देणं लागत नाही. गहाणाचे शब्द त्याआधीच्या काळाला शोभतील.

सातबारा :

काका, करार संपला की मोकळा हे मान्य. पण एलियट लोनवर गेला तेव्हा त्याचा करार संपला होता का? तेव्हा तो कुणाच्या नावावर होता ते सांगा, मग शब्द बदलू.

खिडकीपाशी :

आत्ता आत्याला विचारलं. ती म्हणते, "अतिरिक्त शिक्षक." मूळ शाळेत जागा नाही, समायोजन झालंय तिथे तास देत नाहीत.