पश्चिमेच्या खोलीतलं घरचं ऑफिस: वीज, कागद आणि पसारा कमी कसा करावा?

गोकर्णवेल

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे. त्यातली १० बाय ११ फुटांची एक खोली कायमची कामासाठी करायची आहे. खिडकी एकच, पश्चिमेला, ५ बाय ४ फुटांची. महिन्याचे २४ दिवस, रोज साधारण ९ तास काम चालतं. सामान असं: लॅपटॉप, २४ इंची मॉनिटर, ब्लॅक अँड व्हाइट लेझर प्रिंटर, फायबरचं मोडेम आणि वेगळा राउटर, जुना पंखा, चोकवाली ट्यूबलाइट आणि दीड टनाचा जुना, बिनइन्व्हर्टरचा एसी (उन्हाळ्यात दुपारी २ ते ६). टेबल अजून घेतलेलं नाही.

अडचणी तीन. वीजबिल, बिलं-चलनांचे कागद (जीएसटी नंबर आहे, त्यामुळे ते टाकता येत नाहीत) आणि वायरींचा गुंता. ऑनलाइन पाहिलं की बांबूचे स्टँड, कॉर्कच्या मॅट, ज्यूटचे ऑर्गनायझर असलंच समोर येतं. यातलं खरंच काही घ्यावं का? आणि सुरुवात कुठून करावी?

झरोका

ताई, आधी हिशेब मांडा, म्हणजे सुरुवात कुठून करायची ते आपोआप कळेल. वॅट गुणिले तास, भागिले १०००, की युनिट आले.

लॅपटॉप ४५ वॅट धरला तर महिन्याच्या २१६ तासांचे १० युनिटही होत नाहीत. मॉनिटर २२ वॅट, म्हणजे ५ युनिट. जुना पंखा ७५ वॅट, १६ युनिट. ट्यूब चोकसकट ५० वॅट, रोज चार तास धरले तर ५ युनिट. मोडेम आणि राउटर मिळून १५ वॅट, पण चोवीस तास चालू, म्हणून ११ युनिट. सगळं मिळून ४७ च्या आत. तुमचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड किलोवॅटच्या पुढे ओढतो. तो अधूनमधून बंद पडतो हे धरूनही रोजच्या चार तासांचे महिन्याला शंभराच्या आसपास युनिट होतात. म्हणजे बाकी सगळ्याच्या दुप्पट एकटा एसी. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांना टप्पे बदलतात, त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातलं असतं. बांबूच्या पेन स्टँडने यातलं काहीच हलत नाही.

म्हणून पहिला प्रश्न टेबलाचा नाही, खोलीचा आहे. दुसरी बेडरूम पूर्वेला किंवा उत्तरेला असेल तर खोल्यांची अदलाबदल करून बघा. पूर्वेच्या खोलीत ऊन सकाळी येऊन जातं आणि दुपारी, म्हणजे तुमच्या कामाच्या ऐन वेळी, ती सावलीत असते. यात खर्च शून्य. मात्र पश्चिमेची भिंत दिवसभर तापून रात्री खोलीत उष्णता सोडते, त्यामुळे ती खोली झोपायला आधी त्रासाची वाटेल. रात्री आठनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की फरक पडतो.

अदलाबदल जमणार नसेल तर ऊन काचेच्या बाहेर अडवा. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन काचेतून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेरून बांबूची चिक किंवा ५० टक्के ऊन अडवणारं शेडनेट काचेपासून चार-सहा इंच सोडून लावा. मध्ये हवा फिरली पाहिजे, नाहीतर नेट स्वतः तापून काच तापवतं. ७५ टक्केवालं नेट घेऊ नका. खोली अंधारते, दिवा लावावा लागतो आणि वाचलेली वीज तिकडे जाते.

वाळ्याचा पडदा पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत चांगला चालतो, कारण हवा कोरडी असते. दोन अटी: तो सतत ओला हवा आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो. पावसाळ्यात आणि कोकणात त्याचा उपयोग नाही. कागद-फायली त्याच्या समोर ठेवू नका.

एवढं करून एसी लावावा लागलाच, तर २६ वर ठेवून पंखा मध्यम वेगावर. भारतात २०२० पासून नव्या एसींची मुळातली, चालू करताच येणारी सेटिंग २४ अंश आहे, आणि ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने तापमान एक अंश वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. धुळीने भरलेल्या जाळीतून हवा कमी जाते आणि कॉम्प्रेसर उगाच जास्त वेळ चालतो.

वायरमन_सातारा

झरोका यांचा हिशेब बरोबर आहे. विजेच्या बाजूने चार गोष्टी.

पंखा बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) घ्या. पूर्ण वेगाला ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे तुमच्या वापरात महिन्याला जवळपास १० युनिट वाचतात. इथे एक चूक फार होते. जुना रेग्युलेटर तसाच ठेवून त्यावर बीएलडीसी जोडतात. या पंख्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याला पूर्ण २३० व्होल्ट लागतात. रेग्युलेटरने व्होल्टेज कमी केलं की पंखा हिसके देतो, गुणगुणतो आणि शेवटी सर्किट जातं. इलेक्ट्रिशियनला रेग्युलेटर काढून सरळ जोडायला सांगा.

ट्यूबच्या जागी २० वॅटची एलईडी बॅटन, ४००० केल्विनची (ना फार पिवळा, ना फार निळसर उजेड). जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब बसवायची असेल तर चोक आणि स्टार्टर काढायला लावा.

आता वायरी. टेबलाखाली दोन वेगळे बोर्ड लावा. एकावर मोडेम आणि राउटर, हा कायम चालू. दुसऱ्यावर लॅपटॉपचा चार्जर, मॉनिटर, टेबललॅम्प. काम संपलं की दुसऱ्याचं एकच बटण बंद. बोर्ड जमिनीवर ठेवू नका, टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवा. फरशी पुसताना पाणी जात नाही आणि धूळही कमी बसते. एक्स्टेंशनची उरलेली वायर घट्ट वेटोळं करून बांधू नका, तापते. सैल आठाच्या आकड्यात वेल्क्रोची पट्टी लावा. प्रत्येक पिनजवळ कागदी टेपवर नाव लिहा, अगदी "मॉनिटर" एवढंच. फायबरची पिवळी बारीक वायर मात्र या जुडग्यात आवळू नका. तिला वाटीच्या तोंडाएवढी तरी गोलाई हवी. काटकोनात मुडपली की आतला प्रकाश गळतो आणि नेट अडखळतं.

चौथी गोष्ट: वीज गेल्यावर फक्त नेट चालू राहावं म्हणून मोठा इन्व्हर्टर घेऊ नका. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. त्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तर ते बहुधा ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं, म्हणजे ३७ वॉट-अवर. १० वॅटच्या भाराला तोटा धरून तीन तास. तुमचा भार १५ वॅट आहे, म्हणून दोन तास धरा. मोडेम आणि राउटर दोन्ही त्यावर हवेत. नुसता राउटर जोडला तर वायफाय दिसतं पण नेट नसतं. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचे आकडे वाचा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिले तर जळतात. पिनही बघा. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण आतलं भोक २.१ मिलिमीटर किंवा २.५ मिलिमीटर असतं, आणि चुकीची पिन सैल बसून मधूनच नेट तोडते.

लेझर प्रिंटर कोणत्याही छोट्या यूपीएसवर लावायचा नाही. त्यातला शाई भाजणारा रोलर तापताना एकदम मोठा करंट ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो.

कागदकाम

प्रिंटर आहे तोच वापरा. चालता प्रिंटर टाकून "इको" प्रिंटर आणणं म्हणजे कचराच वाढवणं. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंनी छपाई आणि ड्राफ्ट हे कायमचं निवडून ठेवा, दर वेळी निवडायचं ठेवलं तर राहून जातं. ७५ जीएसएमचं ५०० पानांचं रिम जवळपास २.३ किलोचं असतं, त्यामुळे निम्मे कागद वाचले तर किती वाचलं ते हातालाच कळतं.

पावसाळ्यात कागद अडकतो तो बहुतेक वेळा दमट झाल्यामुळे. रिमच्या वेष्टनाला आतून ओल न लागणारा थर असतो. कागद त्यातच ठेवा, तोंड दुमडून क्लिप लावा आणि ट्रेमध्ये एका वेळी पन्नासच पानं टाका.

एका बाजूने छापलेले कागद पुन्हा लेझरमध्ये घालण्याचा मोह आवरा. आधीची टोनर पावडर रोलरवर पुन्हा वितळते, पिनेची भोकं अडकतात. त्यांचे पॅड करा. ए-फोर मधोमध कापायचे, पन्नास तुकडे टेबलावर आपटून एक कड सारखी करायची, वर-खाली जाड पुठ्ठा ठेवून दोन क्लिपांनी आवळायचं. त्या कडेला ब्रशने फेव्हिकॉलचा पातळ हात, तासाभराने दुसरा, आणि रात्रभर तसंच. सकाळी पान ओढलं की सुटं निघतं. क्लिपा सैल राहिल्या तर गोंद पानांच्या मध्ये शिरतो आणि चार-चार पानं चिकटून येतात.

जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. म्हणून फायली विषयवार लावू नका, वर्षवार लावा. एक आर्थिक वर्ष, एक बॉक्स फाइल, पाठीवर "कधी काढायची" तो महिना. मुदत संपली की अख्खी फाइल जाते, निवडत बसावं लागत नाही. मात्र एखादी नोटीस किंवा अपील चालू असेल तर त्या वर्षाला हात लावायचा नाही. खरेदीखत, करार, मूळ प्रमाणपत्रं यांची फाइल वेगळी आणि कायमची.

पेट्रोलच्या आणि हॉटेलच्या गुळगुळीत पावत्या आल्या दिवशीच स्कॅन करा. तो थर्मल कागद असतो, काही महिन्यांत अक्षरं उडतात. त्याच्या लेपामुळे तो रद्दीतही घालू नये, सुक्या कचऱ्यात वेगळा टाकावा. सगळं श्रेडरमध्ये घालायचीही गरज नाही. बारीक चिंध्यांचा धागा तुटतो, रद्दीवालेही त्या घ्यायला तयार नसतात. आधार, पॅन, खाते क्रमांक असलेली पानंच श्रेड करा, बाकी सपाट ठेवून रद्दीत द्या.

फायलींना कसर लागू नये म्हणून कपाटात वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत ठेवा. जिथे दिवसाचे नऊ तास बसायचं त्या खोलीत डांबरगोळ्या नकोत.

गोकर्णवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. खोल्यांची अदलाबदल जमणार नाही, दुसऱ्या खोलीत सासूबाई असतात. आणि सोसायटी खिडकीबाहेर काही लावू देत नाही. मग काय करता येईल? काचेला काळी फिल्म लावू का? शिवाय टेबल आणि जुन्या चार्जरांचा ढीग राहिलाच.

झरोका

काळी फिल्म नको. ती ऊन परतवण्याऐवजी शोषते, काच तापते आणि अर्धी उन्हात, अर्धी सावलीत असली तर तडकण्याची भीती असते. जाळीची किंवा लॅमिनेटेड काच असेल तर हा धोका आणखी. ग्रिल काचेच्या बाहेर असेल तर ग्रिल आणि काच यांच्या मधल्या जागेत नेट बसतं का ते बघा. तेवढ्याला सोसायटीची हरकत आहे का ते कमिटीला आधी विचारून घ्या. ग्रिल आत असेल तर काचेला लागून, बाहेरच्या अंगाने पांढरा असलेला रोलर ब्लाइंड. बाहेरच्या सावलीइतका उपयोग होत नाही, पण पांढरा रंग थोडं ऊन काचेतून परत बाहेर पाठवतो. दुपारी १ वाजता, ऊन खिडकीवर यायच्या आधीच तो खाली घ्या. खोली तापल्यावर घेऊन काही उपयोग नाही.

तुमचं नाव गोकर्णवेल आहेच, तर ग्रिलच्या आत १२ इंची कुंडीत गोकर्ण लावा. जानेवारीत बी रात्रभर भिजवून पेरलं की ऊन चढेपर्यंत वेल जाळीवर गेलेली असते. पाण्याच्या बाटलीतला मनीप्लांट ठेवणार असाल तर पाणी दर आठवड्याला बदला आणि बाटली आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी काचेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

टेबलासाठी जुन्या बाजारात (बुधवार, रविवार) भरीव फ्लश डोअर (दोन्ही बाजूंनी सपाट लाकडी दार) शोधा, त्याचाच टेबलाचा वरचा भाग होतो. बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर सोडा. कापल्यावर आतली पोकळी उघडी पडते. कडेला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर भुंगा लागलेला आहे, तोही नको. लांबी ५ फूट आणि रुंदी २ फूट अशी कापून घ्या, पण कुलपाचं भोक मागच्या लांब कडेच्या मध्यावर येईल असं मोजा. त्याच भोकातून सगळ्या वायरी खाली जातात, नवीन भोक पाडावं लागत नाही. कापलेल्या कडांना सुताराकडून लाकडी पट्टी लावून घ्या, नाहीतर पावसाळ्यात प्लाय सुटतो. खाली दोन लाकडी घोड्या, वरची उंची जमिनीपासून २८-२९ इंच. टेबल असं ठेवा की खिडकी बाजूला येईल. समोर आली तर डोळे दिपतात, पाठीमागे आली तर मॉनिटरवर तिरीप पडते.

वायरमन_सातारा

चार्जरांचं सांगतो. आधी प्रत्येकावरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळणारे दोन-तीन काढून ठेवा, राउटरचा अडॅप्टर गेला की कामाला येतात. बाकीचे भंगारात देऊ नका. तांबं काढायला वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर जाळणाऱ्याच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत आणि त्यात उत्पादकांवर जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्या, किंवा महापालिकेच्या ई-कचरा संकलनात. जुना लॅपटॉप देणार असाल तर आधी डिस्क एन्क्रिप्ट करून (म्हणजे आतला मजकूर दुसऱ्याला वाचता येणार नाही असा करून) मग रीसेट करा.

ढिगात एखादी फुगलेली मोबाइलची बॅटरी असेल तर ती दाबू नका, भोक पाडू नका, चार्जिंगला लावू नका. टोकांना सेलोटेप लावून कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा आणि पहिल्यांदा तीच केंद्रावर पोचवा. तुमची खोली पश्चिमेची आहे, त्यामुळे ती बॅटरी त्या खोलीत एक दुपारही नको.