शुगर ग्लायडरची पिल्ले आईबापांपासून केव्हा तोडावीत: दिवाळीला की कार्तिक अमावास्येनंतर?

आर्वीकर:

आर्वी तालुक्यातील आमच्या खेड्यात, घराच्या मागील पडवीत, शुगर ग्लायडर या झाडांवरून तरंगत झेप घेणाऱ्या छोट्या ऑस्ट्रेलियाकडच्या प्राण्याची एक जोडी दोन वर्षांपासून आहे. यंदा पोळ्याच्या दिवशी मादीच्या पोटावरील पिशवीतून दोन पिल्ले पूर्णपणे बाहेर आलेली दिसली. पोळा श्रावण अमावास्येचा आणि लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येचे, म्हणजे लक्ष्मीपूजनाला त्यांना बाहेर येऊन ५९ दिवस, जवळजवळ साडेआठ आठवडे होतील. एक पिल्लू अमरावतीच्या माझ्या मावसभावाला आणि दुसरे यवतमाळच्या ओळखीच्या एका कुटुंबाला देण्याचे ठरले आहे, आणि दोघांनाही ती दिवाळीच्या सुट्टीतच हवी आहेत. माझे मत असे आहे की बारा आठवडे, म्हणजे साधारण कार्तिक अमावास्येपर्यंत, त्यांना हलवू नये. पाळणाऱ्यांपैकी बहुतेक जण आठ आठवडे पुरेसे मानतात, हे ठाऊक असूनही मी हे लिहीत आहे.

मुळात दिवस कोठून मोजायचे, यावरच घोटाळा होतो. हा प्राणी कांगारूसारखा शिशुधानी, म्हणजे पिल्लू वाढवायची पोटावरची पिशवी असलेला. गर्भ पोटात जेमतेम १६ दिवस राहतो आणि पिल्लू जन्मते तेव्हा ते तांदळाच्या दाण्याहून फारसे मोठे नसते, त्याचे वजन सुमारे ०.२ ग्रॅम असते. तेथून ते सरपटत पिशवीत जाते आणि पुढचे साधारण ७० दिवस आत स्तनाला चिकटून वाढते. जन्म कोणाच्याच दृष्टीस पडत नाही, म्हणून जाणकार पिशवीबाहेर आल्याच्या दिवसापासून वय मोजतात. विकणारा मात्र सोयीप्रमाणे मोजतो. चार वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून पहिले पिल्लू आणले तेव्हा त्याने ते ‘तीन महिन्यांचे’ असल्याचे सांगितले. आज हिशेब केला तर तो खोटे बोलला नव्हता, कारण जन्मापासून धरले तर तीन महिने भरतच होते. परंतु पिशवीबाहेर येऊन त्याला तीन आठवडेही झाले नव्हते, शेपटीवर केस विरळ होते आणि डोळे नुकतेच उघडलेले होते. चौथ्या रात्री ते गारठून गेले. त्यामुळे सावधगिरीच्या बाजूने चार आठवडे जास्त गेले तरी मला ते चालणार आहेत.

पशुसेवक, मोर्शी:

आपले पिल्लू गेले याचे वाईट वाटते, पण त्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ते पिल्लू आठ आठवड्यांच्या नियमामुळे मेले नाही, तो नियम न पाळल्यामुळे मेले. पिशवीबाहेर आल्यावर साधारण दहा दिवसांनी डोळे उघडतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लू आईच्या पाठीवर बसून घरट्याबाहेर येऊ लागते, पुढे आईच्या तोंडातले अन्न चाटू लागते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दूध सुटते. स्वतःच्या शरीराची ऊब राखण्याची क्षमता त्याला जन्मापासून सुमारे १०० दिवसांनी येते. म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत आपली पिल्ले ती पायरी महिनाभर आधीच ओलांडून गेलेली असतील. मग कार्तिक अमावास्येपर्यंत थांबून नेमके काय साधणार आहे?

उलट काही गोष्टी बिघडतात. पिल्लू जितके लहान असताना माणसाच्या हाताचा आणि घामाचा वास ओळखू लागते, तितके ते लवकर माणसाळते. बारा आठवड्यांच्या पिल्लाला नव्या घरात शांत व्हायला बराच अधिक वेळ लागतो आणि ते दिवसेंदिवस कर्कश ओरडत राहते. दुसरे म्हणजे, मादी पहिली पिल्ले सुटत असतानाच पुढच्या वेतासाठी तयार होऊ शकते, आणि आपल्या पिंजऱ्याची जागा काही वाढणार नाही. तिसरी गोष्ट हवामानाची. आश्विनात आपल्याकडची हवा सौम्य असते. आपण मात्र त्यांना नेमके थंडी पडू लागते तेव्हा एस.टी.ने अमरावतीला पाठवणार आहात. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता, हे आपण विसरला नसाल.

बेरारीवाली, दारव्हा:

मी शुगर ग्लायडर पाळलेला नाही, बकऱ्या पाळते. तरीही लिहिण्याचे धाडस करते, कारण दूध तोडण्याचा प्रश्न सगळीकडे सारखाच चुकवला जातो. आमच्याकडे बेरारी बकरीची पिल्ले तीन महिन्यांनी तोडायची असा सरसकट प्रघात आहे, पण जुळ्यांपैकी दांडगे पिल्लू दुसरा स्तनही ओढते आणि अशक्त पिल्लू त्याच तारखेला तोडले की महिनाभर अंग धरत नाही. म्हणून पंचांग पाहून ठरवण्याऐवजी वजन पाहावे, असे माझे म्हणणे आहे. दर तिसऱ्या दिवशी त्याच वेळी वजन घ्यावे. दूध कमी होत असतानाही वजन चढत राहिले तर पिल्लू तयार आहे, आणि ते थांबले किंवा उतरले तर नाही, मग ५९ दिवस झालेले असोत की ८४.

दुसरी गोष्ट. दूध, जागा आणि खाणे या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलू नयेत. आठ आठवड्यांच्या पक्षाचे लोक म्हणतात की दूध ‘सुटलेले’ असते. सुटलेले म्हणजे काल सुटलेले की पंधरा दिवसांपूर्वी सुटलेले, यातच सगळे आले. माझी सासू म्हणत असे की पिल्लू खायला लागले म्हणजे अंगावरचे सुटले असे नाही, रात्री दिवा घेऊन पाहावे लागते.

सातपुड्याच्या पायथ्याशी:

मी धारणी भागात शिक्षक आहे. येथे मेळघाटाच्या जंगलात उडती खार आहे आणि मुले शुगर ग्लायडरचे चित्र पाहून ‘गुरुजी, ही आपलीच खार’ असे म्हणतात. ती आपली खार नाही, आणि बकरीचे पिल्लूही नाही. खारीचे आणि बकरीचे पिल्लू आईच्या पोटात नाळेवर वाढून येते. हे पिल्लू आपली जवळजवळ सगळी वाढ दुधावरच करते. त्यामुळे दूध सुटणे ही येथे फार मोठी उडी आहे आणि तिची तुलना बेरारीशी करताना जपून करावी.

माझा आक्षेप मात्र दोन्ही पक्षांवर आहे. आपण ‘आईबापांपासून दूर जायला तयार’ हे शब्द वापरता आणि हिशेब फक्त दुधाचा करता. ऑस्ट्रेलियाच्या जंगलात ही पिल्ले सात ते दहा महिन्यांची झाल्यावर कळप सोडतात. तोपर्यंत ती झाडाच्या ढोलीत सगळ्यांच्या अंगाला अंग लावून झोपतात आणि अंधारात अन्न कोठे असते ते मोठ्यांच्या मागे फिरून शिकतात. येथे नराचे कामही मोठे असते. मादी चरायला बाहेर पडली की नर पिल्लांना ऊब देत ढोलीत थांबतो. आपण आईपासून तोडण्याची चर्चा करतो आणि बापाचा उल्लेखही कोणी करत नाही. आठ काय आणि बारा काय, हे दोन्ही आकडे ग्राहकाच्या सोयीचे आहेत. पाळायचेच असेल तर निदान एकेकटे तोडू नये. दोन्ही पिल्ले एकाच घरी जावीत, मग चार आठवडे इकडेतिकडे झाले तरी माझी फारशी हरकत राहणार नाही.

नागपूरची प्रवासी:

गुरुजी, आपला आकडा बरोबर आहे, पण पिंजऱ्यात तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. जंगलात कळप सोडायला जागा असते. पिंजऱ्यात वयात येणाऱ्या नर पिल्लाला पळायला वाट नसते आणि बाप त्याला चावून जखमी करतो. बाप आधी ऊब देतो हे खरे, पण पिल्लाच्या डोक्यावर गंधग्रंथीचे टक्कल दिसू लागले की तोच बाप प्रतिस्पर्धी होतो. माझ्याकडे हे एकदा घडले आहे आणि त्या पिल्लाचा कान आजही अर्धा आहे. शिवाय आपण सांगितलेला काळ ऑस्ट्रेलियातील कळपांचा आहे, तर अमेरिकेतील पाळीव शुगर ग्लायडरांचे मूळ पश्चिम पापुआकडचे असल्याचे आनुवंशिक तपासणीतून दिसले आहे. २०२० मध्ये तर ऑस्ट्रेलियातील ज्या प्राण्यांना सरसकट शुगर ग्लायडर म्हटले जात होते, त्यांचीच तीन जातींत विभागणी झाली. तेव्हा जंगलातील महिन्यांचा आकडा आपल्या पिंजऱ्यावर चिकटवताना थोडे थांबावे.

‘दोन्ही पिल्ले एकाच घरी’ या सूचनेवरही एक प्रश्न आहे. आर्वीकरांनी पिल्लांचे लिंग सांगितलेले नाही. एक नर आणि एक मादी असेल तर भावंडांचीच पैदास होईल. नराचे खच्चीकरण करून घेणार असाल तरच ती सूचना चालेल, आणि एवढ्या लहान प्राण्याला भूल देऊन शस्त्रक्रिया करणारे पशुवैद्य तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाहीत. त्यासाठी नागपूर गाठावे लागते.

पशुसेवक, मोर्शी:

प्रवासी ताईंचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, तरी एक दुरुस्ती करतो. बाप आणि मुलगा यांची झुंज आठव्या किंवा बाराव्या आठवड्यात होत नाही, ती त्याच्या पुष्कळ पुढे होते. म्हणून ती भीती दिवाळीच्या घाईसाठी कारण म्हणून देता येणार नाही. घाईचे खरे कारण माणसाळणे हेच आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

आर्वीकर:

सर्वांचे आभार. काही उत्तरे देतो.

एक नर, एक मादी आहे. ताईंनी बरोबर हेरले.

माणसाळण्याविषयी पशुसेवक जे म्हणतात ते खरे आहे, पण त्यासाठी पिल्लू परक्या घरी जाणे आवश्यक नाही. पाचव्या आठवड्यापासून मी रोज संध्याकाळी त्यांना सुती पिशवीत घालून छातीशी बांधतो आणि तासभर ओसरीवर बसतो. मावसभावाचा वापरलेला रुमालही त्याच पिशवीत ठेवतो, म्हणजे त्याचा वास त्यांना आताच ओळखीचा होईल. माणसाळणे आणि आईपासून तोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली करण्यासाठी दुसरीची वाट पाहावी लागते हे गृहीतच मला पटत नाही.

थंडीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यावर उपाय एवढाच सुचतो की नेताना पिल्लू अंगावरच्या पिशवीत, माणसाच्या उबेत न्यावे, पिंजऱ्यात नव्हे, आणि तेही दुपारच्या गाडीने. तसे पाहिले तर आपल्या मुलखात या प्राण्याचा मोठा शत्रू थंडी नसून वैशाख आहे. तापमान तिशीच्या पुढे गेले की तो धापा टाकतो, आणि ४५ अंशांच्या दुपारी भारनियमनात कूलर बंद पडला की ओल्या कापडावर आणि मातीच्या माठावर भिस्त ठेवावी लागते. नव्या घराची पहिली परीक्षा तीच असेल. पण तो विषय वेगळा.

बेरारीवाली ताईंचे म्हणणे मी लगेच अमलात आणले. घरचा काटा धान्याचा, त्यात पिल्लाचा पत्ताच लागत नाही. गावातल्या सराफाने हसत हसत सोन्याचा काटा दिला. सातवा आठवडा संपला त्या दिवशी नर ४४ ग्रॅम आणि मादी ३७ ग्रॅम भरली. तीन दिवसांनी नर ४६, मादी ३७.

बेरारीवाली, दारव्हा:

मग उत्तर काट्यानेच दिले. मादी थांबली आहे. रात्री पाहिलेत का?

आर्वीकर:

पाहिले. लाल दिवा लावून दोन रात्री बसलो. नर डाळिंबाचे दाणे आणि वाळवलेले किडे स्वतः उचलून खातो, बाभळीच्या डिंकाचा तुकडा तर हातातून हिसकावतो. मादी खाण्याच्या वाटीपर्यंत येते, वास घेते आणि परत आईच्या पोटाखाली शिरते. तिच्या खाण्यात आता कॅल्शियमची पूडही मिसळतो आहे, कारण नुसत्या गोड फळांवर वाढलेल्या शुगर ग्लायडरचे मागचे पाय लुळे पडतात असे पाहिले आहे.

पशुसेवक, मोर्शी:

म्हणजे ५९ दिवसांना नर तयार आहे. माझा नियम एका पिल्लापुरता तरी खरा ठरला, हे मान्य करावे.

सातपुड्याच्या पायथ्याशी:

आणि मादीपुरता खोटा ठरला, हेही आपण मान्य करावे. नर एकटाच अमरावतीला जाणार असेल तर त्याला तेथे सोबत कोण?

आर्वीकर:

मावसभावाशी बोललो. तो दिवाळीला येईल, दोन दिवस राहील, पिशवी छातीशी बांधून बसेल आणि रिकाम्या हाताने परत जाईल. यवतमाळच्या कुटुंबाने आपला आग्रह मागे घेतला आहे, त्यामुळे दोन्ही पिल्ले त्याच्याकडेच जातील आणि वय झाल्यावर नराच्या शस्त्रक्रियेसाठी तो नागपूरला नेईल असे ठरले आहे. तारीख मात्र मी दिलेली नाही. मादीचे वजन सलग चार वेळा चढले की त्याला फोन करीन.

पशुसेवक, मोर्शी:

चढेल ते. वजने येथे टाकत राहा. आणि फोन मार्गशीर्षात केलात, तर त्याला सांगा की पिशवीवर आणखी एक लोकरी शाल गुंडाळून आण.