कॉन्टेक्स्ट स्विचला मराठीत काय म्हणावं?

दारव्ह्याकडून :
क्लासमध्ये पोरांना लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतो. प्रोसेसर एक प्रोग्राम बाजूला ठेवून दुसरा हाती घेतो, तो कॉन्टेक्स्ट स्विच. नोट्समध्ये त्याला ‘संदर्भबदल’ छापलंय. एक पोरगा म्हणे, "सर, कोनाचा संदर्भ?" मी गप्प. ‘खांदेपालट’ चालेल का?

अचलपूरहून :
उलटं पडते ना भाऊ! खांदेपालटात पालखी तीच, खांदे बदलतात. इथं खांदा एकच, प्रोसेसरचा, ओझी बदलतात. आणि हा कॉन्टेक्स्ट म्हणजे संदर्भ नव्हेच. प्रोग्राम कोणत्या सूचनेपर्यंत आला, स्टॅक (त्याची कामापुरती मेमरी) कुठं होता, रजिस्टरांत (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणांत) काय होतं, हे कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जपून ठेवतो आणि दुसऱ्याचं जपलेलं चढवतो. आमचा सालदार डवरणी (कोळपणी) अर्ध्यावर टाकून दुसऱ्या वावरात निघाला, की थांबल्या तासात, म्हणजे ओळीत, तुराटी खोचून जायचा. परत आला की तिथूनच डवरा धरायचा. ती तुराटी म्हणजे प्रोग्राम काउंटर, पुढची सूचना कुठली ते सांगणारा.

दारव्ह्याकडून :
मग ‘जुंपणपालट’?

वर्ध्याहून :
शब्द बरा आहे, पण मोजणीचं काय? प्रत्येक प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, स्टेटस फाइलमध्ये दोन आकडे असतात, व्हॉलंटरी आणि नॉनव्हॉलंटरी. डिस्कची, नेटवर्कची वाट पाहायची म्हणून प्रोग्राम आपणच बाजूला झाला, तो पहिला. काम बाकी असतानाच शेड्युलरनं (पाळ्या लावणाऱ्या कर्नलच्या भागानं) काढलं, कारण वाट्याचा वेळ संपला किंवा जास्त निकडीचं काम आलं, तो दुसरा. ‘स्वेच्छा-अनिच्छा’ नका लिहू, प्रोग्रामला कुठलं आलंय मन! पंगतीतून ‘उठला’ आणि ‘उठवला’, एवढंच म्हणा.

दारव्ह्याकडून :
ताई, हे पोरांना झटक्यात कळलं. नुसते फिरणारे दोन लूप टास्कसेट कमांडनं प्रोसेसरच्या एकाच कोरला बांधून दाखवले. ‘उठवला’चा आकडा भराभर चढला, ‘उठला’ जागचा हलेना. मग एकात स्लीप (थोडं थांबायची सूचना) घातला, तर त्याचा ‘उठला’ वाढायला लागला.

अचलपूरहून :
व्हीएमस्टॅट कमांडचा सीएस (कॉन्टेक्स्ट स्विचचा) रकाना दाखवाल तेव्हा पहिली ओळ सोडा बाप्पा. ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते, पोरं तिलाच आत्ताचा आकडा समजतात. आणि ‘जुंपणपालट’ मला जडच वाटतो. नुसतं ‘पालट’ ठेवा. ‘सेकंदाला किती पालट?’ असं विचारता तरी येतं.

दारव्ह्याकडून :
‘पालट’ घेतला, काकाजी. फळ्यावर लिहिलाही. तुराटीची गोष्ट सांगितली होती, म्हणून कुणीतरी खाली खडूनं लिहून ठेवलंय : ‘सर, बैल कुठं गेले?’